बाकी तुमची मर्जी

साखरच्या खुर्चीमागे ती उभी राहिली ती एका फाटक्या अभ्र्याच्या तक्रारीसाठी. तक्रार कुठे अडकली, कुणी काय उत्तर दिलं, एवढं बघायचं आणि आपल्या टेबलाशी परतायचं. साखर एकेक मेल वर सरकवत होती आणि तिची नजर पडद्यावर नुसती टेकली होती, रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्यांवर टेकते तशी. मधेच एक वाक्य सरकून गेलं. ‘तुमचं उत्तर आलं नाही, सकाळपासून अन्नावर वासना नाही; पण तुम्ही आपलं काम सांभाळा, माझी मुळीच काळजी करू नका.’ ती म्हणाली, ‘थांब.’ साखर थांबली, मागे वळून बघू लागली. मानेवर, केसांच्या मुळाशी, कुणी ओला हात ठेवावा तसं तिला झालं. नाव बघायची गरजच नव्हती. तरी तिने बघितलं. नाव अप्पांचं होतं, पूर्ण, आडनावासकट. साखरला ते आडनाव ओळखीचं वाटायचं कारण नव्हतं. हिचं आडनाव लग्नात बदललं होतं, आणि लग्न मोडलं तेव्हा नवऱ्याच्या घरातलं सगळं परत करताना तेवढं एक परत करायचं राहून गेलं होतं.

‘हे काय आहे?’ तिने विचारलं.

‘हे होय! हे आपले उशीवाले काका,’ साखर हसून म्हणाली. ‘फार गोड आहेत हो.’

सगळे ग्राहक उशीवालेच होते. कंपनी उशाच विकत होती. मऊ, कडक, मानदुखीच्या, कुशीवर झोपणाऱ्यांच्या. साखर ग्राहकांना उत्तरं द्यायची. कुणी शिव्या घातल्या तरी ती ‘तुमचा त्रास मी समजू शकते’ असं लिहायची आणि तिला तो खरंच समजायचा, म्हणून सगळं ऑफिस तिला साखर म्हणायचं. हिला पाठीमागे कात्री म्हणत. हिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. कंपनीतून ग्राहकांना जाणारं प्रत्येक मेल हिच्या हाताखालून जायचं आणि जाताना त्यातली लाचारी ही छाटून टाकायची. आठवड्यापूर्वीच नव्या लेखकाने लिहून आणलं होतं, ‘तुमच्याशिवाय आम्ही अपूर्ण आहोत!’ हिने सगळ्यांदेखत विचारलं, ‘तू उशी विकतोयस की लग्नाची मागणी घालतोयस?’ तो कानापर्यंत लाल झाला. उद्गारचिन्ह म्हणजे पसरलेला हात, ती सांगायची. ‘फक्त एकदा बघा’, ‘आमच्यावर रागावलात का’, ‘तुमची खूप आठवण येते’ या सगळ्याला एक वास येतो, आणि माणूस त्या वासानेच दार लावून घेतो. काय आहे ते सांगा, किंमत सांगा आणि बाजूला व्हा. त्याला वाटलं पाहिजे की तो आला नाही तरी आपलं काही अडणार नाही. हे ती इतक्या थंडपणे शिकवायची की समोरच्यांना वाटे, बाई कुठे मोठ्या ठिकाणी शिकून आली असणार. शिकली ती दोन खोल्यांच्या घरात होती आणि शिकवणाऱ्याचं मेल आता समोर पडद्यावर उघडं होतं.

अप्पा सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. नद्या निळ्या शाईने, रस्ते लाल शाईने. हात कधी हलला नाही त्यांचा, आणि कुणावर उठलाही नाही. आवाजसुद्धा चढला नाही कधी. तिच्या मैत्रिणींचे वडील ओरडत, एकीचा तर पट्टा काढी, आणि तिला त्या मैत्रिणींचा हेवा वाटे, कारण त्यांच्याकडे रात्रीपर्यंत सगळं मिटलेलं असे. अप्पांचं मिटत नसे. संध्याकाळी घरी यायचं तर सगळ्या खिडक्यांत दिवे आणि आपल्या खिडकीत अंधार. म्हणजे अप्पा आत बसले आहेत, दिवा न लावता. कुणाचं तरी काहीतरी चुकलं आहे. आईने बहिणीशी फोनवर जरा जास्त बोलणं केलं असेल, दादाने न विचारता सिनेमा पाहिला असेल, हिने मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते म्हटलं असेल. काय झालं असं विचारायचं. काही नाही, म्हणायचे. पुन्हा विचारायचं. ‘तुम्ही जेवून घ्या. माझं काय.’ आई ताट घेऊन दारात उभी, ताटातलं निवत चाललेलं, आणि दादा नि ती भिंतीला टेकून, पोटात कावळे, पण त्यांनी घास घेतल्याशिवाय घास घ्यायची छाती नाही. मग कुणीतरी रडायचं. बहुतेक तीच. रडलं की अप्पा तिला जवळ घ्यायचे, डोक्यावरून हात फिरवायचे, आणि तो हात इतका मऊ असायचा की त्याखाली तिला गुदमरल्यासारखं व्हायचं. नोकरी लागून ती या शहरात यायला निघाली त्या सकाळी त्यांच्या छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाले काही नाही. तिने जाणं लांबवलं; पुढच्या वेळी निघताना पुन्हा दुखलं. ती तशीच निघाली. जिन्यात पोचल्यावर मागून आवाज आला, अगदी शांत, अगदी समजूतदार: ‘जा. माझी काळजी करू नकोस.’ आज इतक्या वर्षांनी, साखरच्या खुर्चीची पाठ धरून उभं असताना, तिला त्या जिन्याच्या कठड्याचा गार लोखंडी स्पर्श हाताला जाणवला आणि तिने खुर्ची सोडून दिली.

‘किती दिवस चाललंय हे?’

‘बरेच दिवस झाले की,’ साखर म्हणाली. ‘आधी उशी कडक आहे म्हणून लिहिलं त्यांनी. मी बदलून दिली. मग नुसतं आभार म्हणून. मग असंच आपलं. एकटे असतात हो. बायको गेली. मुलगा लांब. मुलगी तर बोलतच नाही म्हणे, ती याच शहरात असते. कसली दगड असतात ना माणसं!’

‘असतात,’ ती म्हणाली.

संताप आला तो साखरसाठी आला, असं तिला तेव्हा वाटलं. त्याने नवं माणूस धरलं. मनातल्या मनात ती अप्पांना नेहमी अरेतुरेच करायची. तोंडावर एकदाही जमलं नाही त्याची ती भरपाई होती. आई गेली, मी सुटले, दादा समुद्रापार पळाला, तर याने उशी विकत घेतली आणि उशीच्या मागून हात घालून ही भोळी बाई ओढली. तिने साखरला उठवलं, स्वतः बसली आणि अप्पांची मेलं पहिल्यापासून वाचत गेली. तिचा अंदाज चुकला नव्हता. आधी दोन ओळी तक्रार, मग आभार, मग ‘तुमच्यासारखं माणूस आजकाल मिळत नाही’. मग एक दिवस उत्तराला उशीर झाला त्याबद्दल एक अवाक्षर नाही, फक्त ‘काल जरा बरं नव्हतं’. लगेच साखरचं घाबरंघुबरं उत्तर, स्वतःचा नंबर, ‘काका, कधीही फोन करा’. आईसुद्धा अशीच ओढली गेली असेल हळूहळू. आईच्या शेवटच्या दिवसांत आईच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता आणि अप्पा बाहेरच्या बाकावर उपाशी बसले होते. नर्सने येऊन ते तिला सांगितलं, आईच्या कानावर जाईल अशा आवाजात. आईने हात उचलला. तो हात उचलायला तिला किती बळ लागलं ते तिच्या गळ्याच्या शिरांवर दिसलं. मुखवटा बाजूला करून तिने विचारलं, ‘त्यांनी खाल्लं का?’ नंतर आई पुन्हा बोलली नाही. म्हणजे मरणाऱ्या बाईलासुद्धा त्या घरात सुट्टी मिळाली नाही. शेवटचा श्वास म्हणून जो काही शिलकीत होता तो त्याच्या जेवणावर खर्च झाला. लोक भेटायला यायचे थांबले त्या दिवशी तिने आपली बॅग उचलली, आणि त्यानंतर अप्पांशी एक शब्द बोलली नाही. त्यांनी फोन केले, निरोप दिले, दादाकडून म्हणवलं. ती थंड राहिली. त्या थंडपणाचा पुढे पगार मिळू लागला.

मेलं वाचता वाचता ती एका ठिकाणी थबकली. अप्पांनी कंपनीचं एक मेल खाली तसंच ठेवून त्यावर लिहिलं होतं, ‘हे तुमच्याकडे कोण लिहितं? फार छान लिहितात. शेवटची ओळ तर मनात बसली.’ ती ओळ हिची होती. मागच्या वर्षीची, कंपनीत गाजलेली, मालकांनी सगळ्यांना जमवून वाचून दाखवलेली. ‘उशी बदलली की मान दुखायची थांबते. घरी ठेवून बघा, नको वाटली तर परत करा. बाकी तुमची मर्जी.’ त्या तीन शब्दांनी जेवढे लोक परत आले तेवढे कुठल्या विनवणीने आले नव्हते. तिला आठवत होतं, ती ओळ लिहिताना ती विचार करत नव्हती, ती आपोआप आली होती, शाईची बाटली कलंडावी तशी. आणि आता, दुपारच्या त्या पांढऱ्या उजेडात, तिला ती ओळ ऐकू आली, वाचता नाही, ऐकू आली, दोन खोल्यांच्या घरात, दिवा न लावलेल्या खोलीतून. ‘मला विचारशील तर जाऊ नये. बाकी तुझी मर्जी.’ ‘बहिणीकडे राहायचं तर राहा. बाकी तुझी मर्जी.’ आई तेवढं ऐकून पिशवी खाली ठेवायची. लाचारी छाटली म्हणत होती ती, पण छाटलेल्या जागी काय लावलं होतं? अप्पा कधी मागत नसत. हात पसरत नसत. काय आहे ते सांगायचे आणि बाजूला व्हायचे, अंधारात, आणि समोरचा आपल्या पायांनी चालत येईपर्यंत बसून राहायचे. तिच्या डोक्यात कुठल्याशा मोठ्या नव्या कसबासारखं जे नांदत होतं ते सगळं त्या माणसाच्या हातचं होतं. सहीसकट. आणि त्याने ते ओळखलं होतं. नुसतं ओळखलं नव्हतं, पाठीवर थाप मारली होती. छान लिहितात.

तिने खुर्ची मागे ढकलली ती भिंतीला आपटली. टेबलांवरची दोन-तीन डोकी वर झाली. नवा लेखक तर उगाचच उभा राहिला.

‘यापुढे या माणसाला उत्तर द्यायचं नाही,’ ती साखरला म्हणाली. ‘अशी माणसं तुला कळत नाहीत. तू उत्तर दिलंस की तो अजून जरा उपाशी राहील. मग तू अजून जरा जवळ जाशील. तुला वाटेल तू मदत करतेस. एक दिवस तुझी आई आजारी असेल आणि तू आईला सोडून त्याला फोन करत असशील.’

साखरने सगळं ऐकून घेतलं. ती रागावलेली दिसली नाही, नेहमी ग्राहकाचं ऐकते तशी मान किंचित कलती करून ऐकत होती, आणि त्याचीच हिला जास्त चीड आली.

‘मॅडम, मला कळतं ते,’ ती म्हणाली. ‘पहिल्या महिन्यातच कळलं होतं. एकदा मी सरळ विचारलं, काका, तुम्ही जेवला नाहीत हे मला का सांगता? मी काय करू त्याचं? तुम्ही जेवा नाहीतर नका जेवू, पण मला सांगायचं तर काय जेवलात ते सांगा. चार दिवस काही आलं नाही. मग आलं. सगळं लिहिलं होतं, काय केलं, कसं बिघडलं, मीठ किती पडलं. आणि हे तुम्ही आत्ता वाचलंत ना, ते जुनं आहे. वरची तारीख बघा.’

तिने तारीख बघितली नव्हती. वाक्य बघितलं होतं.

‘मी रविवारी सकाळच्या गाडीने जाते त्यांच्याकडे,’ साखर म्हणाली. ‘त्यांनी बोलावलं नाही. मीच म्हटलं. माझ्या घरी माझी वाट बघणारं कुणी नाही, मॅडम. कुणी वाट बघत असलं की मला बरं वाटतं. तुम्हाला नसेल वाटत.’

असं काही विचारायचं असतं का, तिच्या मनात आलं. मीठ किती पडलं. असा एक प्रश्न होता आणि तो आईने विचारला नाही, दादाने विचारला नाही, रडत रडत भिंतीला टेकलेल्या तिनेही विचारला नाही. तीन माणसं एका घरात वर्षानुवर्षं गुदमरली आणि ही कुठली कोण उशा बदलून देणारी बाई चार दिवसांत मोकळी झाली? तिला ते खोटं वाटलं. खोटं असायलाच हवं होतं. तो माणूस बदलत नाही. बदलला असं दाखवतो आणि मग एका संध्याकाळी दिवा लावत नाही. साखर अजून त्या संध्याकाळपर्यंत पोचली नाही, एवढंच. हे तिला सिद्ध करायचं होतं, आत्ता, इथे, सगळ्यांसमोर.

‘फोन लाव त्यांना. मी बोलते.’

‘तुम्ही? कशाला?’

‘कंपनीचं काम आहे. लाव.’

साखरने आपला फोन काढला, नंबर लावला आणि तिच्या हातात दिला. घंटा वाजत राहिली. हिने पाठ वळवली, खिडकीकडे तोंड केलं. खाली रस्त्यावर एक माणूस भलीमोठी काच दोन्ही हातांत धरून चालला होता आणि लोक त्याला वाट करून देत होते.

‘बोला साखरताई.’

आवाज बारीक झाला होता. कडांना झिजलेला. पण सावकाशपणा तोच.

‘त्या नाहीत,’ ती म्हणाली. ‘मी त्यांची वरिष्ठ बोलते आहे. उशांच्या कंपनीतून.’

पलीकडे काही क्षण काहीच नाही. त्या गप्पपणाची लांबी-रुंदी तिला पाठ होती. त्यांनी ओळखलं होतं. आता आवाज कापेल, आता ‘तू?’ येईल, मग छातीचं दुखणं येईल. तिने फोन कानाशी घट्ट दाबला.

‘बोला बाई,’ अप्पा म्हणाले.

‘ग्राहकांनी आमच्या माणसांशी कामापुरतं बोलावं. स्वतःच्या जेवणाखाण्याचं लिहून त्यांना अडकवू नये.’

‘बरोबर आहे तुमचं.’

‘सुट्टीच्या दिवशी त्यांना घरी बसवून घेऊ नये.’

‘ते त्यांना विचारा. त्या येतात, मी दार उघडतो.’

‘तुम्हाला हे नवीन नसेल. माणूस असं धरून ठेवायचं, न मागता, न बोलता, त्याचा जीव अर्धा होईपर्यंत.’ तिचा आवाज चढला होता. मागे ऑफिस गप्प झालं होतं ते तिला पाठीला कळत होतं. ‘तुम्हाला वाटतं तुम्ही कुणाला त्रास दिला नाही. कारण तुम्ही कधी ओरडला नाहीत.’

‘नवीन नाही,’ अप्पा म्हणाले. ‘माझ्या घरात दोन बायका होत्या. दोघींना हेच म्हणायचं असणार. एक म्हणालीच नाही. दुसरी आत्ता म्हणते आहे.’

ती थांबली. पुढचं वाक्य तयार होतं, त्याच्या पुढचंही; वर्षं गेली होती ती वाक्यं घासून धार लावण्यात. पण ती जिच्यावर आपटायची ती भिंत जागेवर नव्हती. तिने वाट पाहिली. हुंदका, उसासा, ‘मी आता किती दिवसांचा’, काहीतरी. पलीकडे कुठेतरी नळ चालू असल्याचा आवाज होता, बाकी काही नाही.

‘अजून काही?’ त्यांनी विचारलं.

‘नाही.’

‘मग माझं एक काम करा. तुमच्या त्या यादीतून माझं नाव काढून टाका. मेलं नकोत आता.’

‘का?’

ते तिच्या तोंडून निसटलं. एखाद्या लहान पोरीने विचारावं तसं, उंच, उघडं. खिडकीच्या काचेवर तिच्या श्वासाचा डाग उमटला आणि मावळला.

‘का म्हणजे? वाचत नाही मी ती. थोरला म्हणाला होता, ती तुम्ही लिहिता म्हणून. पूर्वी रात्र जायची नाही, तेव्हा घेऊन बसायचो, पुन्हा पुन्हा वाचायचो. आता झोप लागते.’ जरा थांबून, जणू कुणा शेजाऱ्याला सांगावं तसं ते म्हणाले, ‘ठेवतो हं. दूध ठेवलंय गॅसवर.’

आणि त्यांनी ठेवला. ते जिन्यातून मागून बोलणारे अप्पा, ज्यांच्या एका वाक्यातून सुटायला शहर बदलावं लागलं, त्यांनी दुधासाठी फोन ठेवला. ती फोन तसाच कानाला लावून उभी राहिली. ऐकत असल्यासारखी मानही हलवली एकदोनदा. कान तापला होता. मग तिला वाटलं की आपण खरंच ऐकतो आहोत, आणि काहीतरी ऐकू येईपर्यंत इथून हलता येणार नाही.

‘मॅडम,’ साखर शेजारी येऊन हळूच म्हणाली. ‘माझा फोन.’

तिने फोन दिला. साखर तिच्या तोंडाकडे बघत होती. तिने सगळं ऐकलं होतं आणि जोडायचं ते जोडलं होतं. दगड म्हणाली होती त्याची लाज तिच्या चेहऱ्यावर होती की नव्हती ते कळायला मार्ग नव्हता. ती फक्त म्हणाली, ‘तुम्हाला यायचं असेल रविवारी, तर मी विचारून बघते त्यांना.’

विचारून बघते. माझ्या बापाला.

‘नाव मी काढते,’ ती म्हणाली. ‘तू जा, चहा घे.’

साखर गेली. ती साखरच्या खुर्चीत बसली. तिने यादी उघडली, वर्णानुक्रमाने खाली उतरत गेली आणि तिथे अप्पा सापडले, एका ओळीत. नाव, गाव, कोणती उशी. समोर बारीक अक्षरांत मेलं उघडल्याच्या खुणा होत्या, एका खाली एक, दाट, आणि मग एका जागेपासून पुढे कोऱ्या. दिवसभर ती जे आकडे बघत असे त्यांतलेच हे. तिच्यासमोरून किती वेळा गेले असतील. त्या दाट खुणांवर तिने बोट ठेवलं. काच होती. मग तिने कळ दाबली. खात्री आहे का, असं यंत्राने विचारलं, आणि तिने पुन्हा दाबली. ओळ नाहीशी झाली. खालची सगळी नावं एकेक घर वर सरकली आणि अप्पांच्या जागी भलत्याच कुणाचं तरी नाव येऊन बसलं, कुठल्याशा परक्या गावातल्या, कुशीवर झोपणाऱ्या माणसाचं. आणि ती त्या नावाकडे बघत राहिली तशी त्या माणसाने इतक्या पटकन, इतक्या सहज ती जागा घेतली म्हणून तिला त्याचा असा राग आला की डोळ्यांसमोरची अक्षरं दिसेनात.